हे खरे आहे काय? विधान परिषदेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की विधान परिषदेच्या कामकाजाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं पाच-सहा पत्रं येतील, कारण विधानसभा म्हटलं की लोक सरसावून बसतात आणि परिषद म्हटलं की चॅनल बदलतात. पण इनबॉक्स तुडुंब भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, एकाच अर्थाची पत्रं एकत्र केलीत, आणि दोन-तीन पत्रं नुसत्या शिव्याच होत्या, त्या पत्रांचं मी तेच केलं जे सभापती करतात, कामकाजातून काढून टाकली.

ताई, परवा पहिल्यांदाच परिषदेचं लाइव्ह पाहिलं. सभापती नुसता नंबर पुकारतात, मंत्री उठून छापील उत्तर दिलंय म्हणतात आणि लगेच कोणीतरी तावातावाने बोलायला लागतं. मुळात प्रश्न काय होता तेच कळत नाही. इंटरव्हलनंतर थेटरात घुसल्यासारखं झालं. (एक वाचक, बार्शी)

दादा, तुम्ही खरंच इंटरव्हलनंतर घुसलात. पहिला भाग कागदावर होऊन गेलेला असतो. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात तो, अतारांकित म्हणजे नुसतं लेखी उत्तर. तारांकित प्रश्न आमदार अधिवेशनाच्या कितीतरी आधी पाठवतात, त्याचं उत्तर छापून त्या दिवशी सकाळी सदस्यांच्या हातात पडतं, त्यामुळे सभागृहात प्रश्न परत वाचत बसत नाहीत, थेट उपप्रश्नांवर उडी.

आता तो छापील कागद कसा असतो ते सांगते, कारण मला विचाराल तर अख्ख्या दिवसातली सगळ्यात वाचनीय गोष्ट तीच. साचा ठरलेला. एक, अमुक तालुक्यातील अमुक गावच्या पाणीपुरवठा योजनेचे काम तीन वर्षांपासून रखडले आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली मंत्र्यांच्या नावाने उत्तर. एक, हे अंशतः खरे आहे. दोन व तीन, चौकशी सुरू आहे. चार, प्रश्न उद्भवत नाही.

हे "अंशतः खरे आहे" मला फार आवडतं. खोटं म्हणावं तर उद्या कोणी फोटो घेऊन उभं राहील, खरं म्हणावं तर खात्याची नाचक्की, मग अंशतः. आणि "प्रश्न उद्भवत नाही" ह्याला तर तोडच नाही, म्हणजे गावात नळाला पाणी येत नाहीये, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतायत, आणि मंत्रालयातल्या कागदावर प्रश्न उद्भवत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर असतं बरं का, कारण चौथा भाग "नसल्यास" ने सुरू होतो, आणि चौकशी तर सुरूच आहे, मग नसल्यासचा प्रश्न उद्भवणार कुठून! तुम्ही ज्याला तावातावाने बोलणं म्हणताय ते इथूनच सुरू होतं. उपप्रश्न विचारणारा आमदार त्या "अंशतः"चा अंश कोणता ते उकरायला उभा असतो. चांगला उपप्रश्न दोन वाक्यांचा असतो आणि मंत्र्यांना मागच्या बाजूला वळून ऑफिसर गॅलरीकडे बघायला लावतो. वाईट उपप्रश्न म्हणजे सहा मिनिटांचं भाषण, आणि शेवटी सभापती म्हणतात की सन्माननीय सदस्य, प्रश्न विचारा.

आणि हे उत्तर लिहितं कोण? मंत्री नाही लिहीत. मंत्रालयातून जिल्ह्याला मेल जातो, सरकारी ऑफिसात त्याला सगळे "एलएक्यू" (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात, प्रश्न विधानसभेचा असो की परिषदेचा, एलएक्यू आला म्हटलं की झेडपीतला क्लार्क हातातली बाकीची कामं सोडतो, रविवार असला तरी ऑफिस उघडतं. ग्रामसेवकाला फोन, इंजिनिअरला फोन, माहिती आजच्या आज. मग ती कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत चढत जाते आणि प्रत्येक टेबलावर थोडी थोडी गुळगुळीत होत जाते. माझ्या मते प्रश्नाचा खरा फायदा हाच आहे, की सभागृहात तो पुकारला जावो न जावो, एका तासात तसे थोडेच प्रश्न होतात आणि बाकीच्यांची उत्तरं नुसती पटलावर जातात, पण ती फाईल एकदा तरी कोणीतरी कपाटातून काढून वाचलेली असते.

पेपरात येतं "२८९ अन्वये", "९३ अन्वये", "लक्षवेधी लागली", "२६० वर चर्चा". हे कलम-बिलम आम्हाला कोण सांगणार? (स्पर्धा परीक्षा करणारा, परभणी)

ही फौजदारी कायद्याची कलमं नाहीत आधी एवढं लक्षात ठेव, ते परिषदेच्या स्वतःच्या नियमपुस्तकातले नियम आहेत, आणि विधानसभेचं पुस्तक वेगळं, त्यामुळे नंबरही वेगळे. तिकडे सत्ताधारी आणि विरोधकांचे मोठे प्रस्ताव २९३ खाली येतात, इकडे २६० खाली. परीक्षेत गोंधळ होतो तो इथेच.

२८९ चं काम असं की आजचं ठरलेलं कामकाज, विशेषतः प्रश्नोत्तराचा तास, बाजूला ठेवा आणि माझ्या तातडीच्या विषयावर चर्चा घ्या. शेतकरी आत्महत्या असो, पेपरफुटी असो, अतिवृष्टी असो, विरोधी पक्षनेता सकाळी उठून २८९ ची सूचना मांडतो. बहुतेक वेळा सभापती ती नाकारतात. मग मांडतो कशाला? अरे, ती का स्वीकारावी हे सांगायला दोन मिनिटं मिळतात ना, त्या दोन मिनिटांत विषय येऊन जातो, रेकॉर्डवर येतो, दुपारच्या बुलेटिनला जातो. नाकारली तरी काम झालेलं असतं. हे सगळ्यांना माहीत असतं, सभापतींनाही.

लक्षवेधी म्हणजे नियम १०१, एका नेमक्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायचं, मंत्री निवेदन करतात आणि त्यावर प्रश्न होतात. आमदारांमध्ये सगळ्यात जास्त चढाओढ लक्षवेधीसाठी, कारण तिच्यावर मंत्र्यांना उभं राहून काहीतरी ठोस बोलावंच लागतं, कधी कधी चौकशी जाहीर होते, कधी अधिकारी तिथल्या तिथे निलंबित होतो. मतदारसंघात बॅनर लागतो तो "लक्षवेधीमुळे" असाच. ९३ खाली मंत्र्यांचं निवेदन मागता येतं. ९२ म्हणजे अर्धा तास चर्चा, एखाद्या प्रश्नाच्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्याचा पुढचा भाग, आणि ती बिचारी नेहमी दिवसाच्या शेवटी येते, तेव्हा सभागृहात मांडणारा, उत्तर देणारा मंत्री, आणि तालिकेवरचे सभापती (म्हणजे सभापतींच्या जागी पाळीने खुर्चीवर बसणारे सदस्य) एवढेच उरलेले असतात. ९७ म्हणजे अल्पकालीन चर्चा. विशेष उल्लेख म्हणजे थोडक्यात विषय वाचून दाखवायचा. औचित्याचा मुद्दा (सभागृहाच्या कानावर घालण्याजोगा विषय) आणि हरकतीचा मुद्दा ह्यातला फरक तर जुन्या आमदारांनाही रोज नव्याने समजावून सांगावा लागतो, हरकतीचा मुद्दा नियम मोडला जात असेल तरच, पण उठतो तो प्रत्येकजण "सभापती महोदय, माझा हरकतीचा मुद्दा आहे" म्हणूनच, आणि मग गावातल्या बंधाऱ्याबद्दल बोलतो.

ह्या नियमांवर हुकमत असणं ही ह्या सभागृहाची जुनी खासियत. अमरावती पदवीधर मतदारसंघातून वर्षानुवर्षं निवडून येणारे प्रा. बी. टी. देशमुख विदर्भाच्या अनुशेषावर बोलायला उभे राहिले की समोरच्या बाकांवर नियमपुस्तकं उघडली जायची, असं तेव्हाचे लोक सांगतात. आवाज न चढवता नियमाने कोंडीत पकडणं ही कला आता कमी झालीय, हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

कॅमेऱ्यात बाकं रिकामी दिसतात. इतक्या कमी लोकांत कामकाज चालतं कसं? (गृहिणी, चिपळूण)

चालतं. राज्यघटनेच्या कलम १८९ प्रमाणे गणपूर्तीला दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यातलं जे जास्त ते. परिषदेत ७८ सदस्य, दहावा हिस्सा आठच्या आतच, म्हणून दहा जण पुरे. दहाच्या खाली गेले आणि कोणी बोट दाखवलं तर बेल वाजते आणि लॉबीतले, कँटीनमधले धावत येतात. बोट दाखवलं नाही तर मात्र सगळे एकमेकांना सांभाळून घेतात.

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. विधान परिषद म्हणजे निवडणुकीत पडलेल्यांची सोय नाही का? बंद केली तर काय बिघडेल? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

राग कशाला मानू काका, हाच प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता.

सोय होते हे खरं आहे, अंशतः म्हणणार नाही. घटनेने जी रचना केली ती कागदावर सुंदर आहे, आपल्याकडे ७८ पैकी ३० जण विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जण महापालिका, नगरपालिका, झेडपी वगैरेंचे सदस्य निवडतात, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, आणि १२ राज्यपाल नेमतात ते साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवेतले. कवी ना. धों. महानोर याच दाराने सभागृहात गेले, आणि शेतीपाण्यावर बोलले ते स्वतःच्या रानात राबणारा माणूस बोलतो तसं. आता या १२ जणांची यादी बघा आणि त्यात कवी किती, वैज्ञानिक किती आणि पक्षाचे पदाधिकारी किती ते तुम्हीच मोजा. शिवाय २०२० च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने पाठवलेल्या १२ नावांवर राजभवनातून निर्णयच आला नाही, जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्यातल्या ७ भरल्या गेल्या. स्थानिक संस्थांच्या बऱ्याच जागाही २०२२ नंतर रिकाम्या राहिल्या, कारण महापालिका-झेडपीच्या निवडणुकाच होत नव्हत्या, तर मतदार आणायचे कुठून. सभापतीपदसुद्धा जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं होतं, उपसभापती नीलम गोऱ्हे सभागृह चालवत होत्या, मग नागपूरच्या अधिवेशनात राम शिंदे सभापती झाले. एवढं सगळं रिकामं असूनही राज्य चाललं, म्हणजे तुमच्या प्रश्नात दम आहे.

अधिकार म्हणाल तर तेही बेताचे. साधं विधेयक परिषदेने अडवलं तर तीन महिने, विधानसभेने परत पास केलं की अजून एक महिना, मग परिषदेला काही वाटो, ते पास झालं असं धरतात. अर्थविषयक विधेयक तर फक्त चौदा दिवस. लोकसभा-राज्यसभेसारखी संयुक्त बैठकसुद्धा राज्यात नाही. म्हणजे हे सभागृह ब्रेक आहे, पण सायकलचा, ट्रकचा नव्हे.

तरीही मी बंद करा म्हणणार नाही, आणि त्याचं कारण एका माणसात सांगता येतं. वि. स. पागे. १९६० ते १९७८ ते परिषदेचे सभापती होते. सभापती म्हणजे लोकांच्या डोक्यात काय, उंच खुर्ची, शांत बसा शांत बसा. या माणसाने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तुमच्याच जिल्ह्यात काका, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग सुरू केला, की ज्याला काम हवंय त्याला सरकारने काम द्यायचं, मजुरी द्यायची, आणि त्या कामातून बांध, रस्ते, पाणी उभं करायचं. ७२ च्या दुष्काळात तीच कल्पना अख्ख्या महाराष्ट्राला उपयोगी पडली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीला तो लागू झाला, आणि त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या बँकेच्या पगारातून दर महिन्याला कापला जायचा ना तो, तोच. केंद्राने असा कायदा केला २००५ मध्ये. विधानसभेच्या आमदाराला पाच वर्षांनी परत त्याच गल्लीत मत मागायला जायचं असतं, त्यामुळे त्याला गल्ली दिसते, वाईट नाही त्यात काही. परिषदेवर सहा वर्षं मिळतात, सभागृह कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश बाहेर पडतात, त्यामुळे लांबचा विचार करायला निदान जागा तरी आहे. ती जागा भरली जात नाही म्हणून घरच पाडा, हे मला पटत नाही.

आणि पाडणं-बांधणं हा खेळ बाकीच्यांनी करून बघितलाय. आंध्रने १९८५ ला परिषद बंद केली, २००७ ला परत आणली, २०२० ला परत बंद करायचा ठराव केला आणि २०२१ ला तो ठराव मागे घेतला. आज देशात सहाच राज्यांत परिषद आहे, आपण, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, उत्तर प्रदेश आणि बिहार.

बजेट दोनदा का वाचतात? एकच भाषण दोन ठिकाणी? (कॉलेज विद्यार्थिनी, जळगाव)

हो, एकाच वेळी. अर्थमंत्री विधानसभेत आणि अर्थ राज्यमंत्री परिषदेत. कॅमेरे सगळे तिकडे असतात, त्यामुळे राज्यमंत्र्यांचं भाषण फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं, शायरी मात्र तीच असते. परिषद बजेटवर चर्चा करू शकते, खात्यांच्या मागण्यांवर मतदान मात्र करू शकत नाही, ते फक्त विधानसभेचं.

एखादा आमदार काहीतरी वाईट बोलतो, सभापती म्हणतात "कामकाजातून काढून टाका", पण तो व्हिडिओ तर दिवसभर व्हॉट्सॲपवर फिरतो. मग काढून टाकलं म्हणजे काय टाकलं? (दुकानदार, अकोला)

चांगला पकडलात. काढून टाकलं म्हणजे अधिकृत रेकॉर्डमधून टाकलं. पूर्वी त्याला वजन होतं, कारण सभागृहातलं बाहेर येण्याचा रस्ता एकतर पत्रकार किंवा छापील कार्यवाही. आता लाइव्ह चालू असतं, शब्द तोंडातून पडला की तो चंद्रपूरला पोचलेला असतो. म्हणून शिक्षा आता शब्दाला कमी आणि माणसाला जास्त होते. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे ह्यांना शिवीगाळ केल्यावरून पाच दिवस निलंबित केलं होतं, नंतर ते तीन दिवसांवर आलं. आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात एका मंत्र्यांचा बाकावर बसून मोबाईलवर पत्त्यांचा गेम चालू असल्याचा व्हिडिओ आला, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, पण महिना संपायच्या आत खातं बदललं. बघा, त्यात तर बोललेला एक शब्दही नव्हता, काढून टाकणार काय?

पण रेकॉर्ड हा विषय निघालाच आहे तर थोडं रेंगाळते, कारण प्रेस गॅलरीत बसायचे तेव्हा मी खालच्या गोंधळापेक्षा मधल्या टेबलाकडे जास्त बघायचे. सभापतींच्या समोर प्रतिवेदक बसतात. एक येतो, काही मिनिटं लघुलिपीत उतरवतो, पुढचा येऊन शेजारी बसतो, पहिला अलगद उठतो आणि टाइप करायला जातो. वर दोन पक्षांचे लोक हौद्यात उतरलेत, कागद उडतायत, घोषणा चालू आहेत, आणि त्याच्या मध्यभागी एक बाई मान खाली घालून वहीवर रेघा ओढतायत. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मग ह्या तुकड्यांची "असुधारित प्रत" तयार होते आणि तिच्यात पानाच्या तळाशी पुढच्या प्रतिवेदकाचं नाव असतं, "यानंतर श्री. अमुक" किंवा "यानंतर श्रीमती अमुक". आमदाराचं वाक्य कधी अर्धं एका पानावर एका माणसाने ऐकलेलं, उरलेलं दुसऱ्या पानावर दुसऱ्याने.

आणि चाळीस जण एकदम ओरडले तर? तर कागदावर एकच शब्द कंसात येतो, अडथळा. वीस मिनिटांचा राडा, माईक तोडायची वेळ, आणि कागदावर अडथळा. म्हणून म्हणते, टीव्हीवरचं अधिवेशन आणि कागदावरचं अधिवेशन ही दोन वेगळी अधिवेशनं असतात. टीव्हीवर राडा उरतो. कागदावर जो नेमकं बोलला तो उरतो.

मी पदवीधर आहे, मागच्या वेळी मत दिलं होतं, यावेळी यादीत नावच नाही म्हणतात. कसं काय? (आयटीत काम करणारा, पुणे)

कारण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, विधानसभेच्या यादीसारखी जुनी पुढे चालत नाही. परत फॉर्म भरावा लागतो, पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. आणि मत देताना बटण नाही, मतपत्रिका असते, नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, तिथे दिलेल्याच पेनने. टिकमार्क केलात, सही केलीत, "शुभेच्छा" लिहिलंत तर मत बाद. हसू नका, सुशिक्षितांच्या ह्या निवडणुकीत बाद मतांचा गठ्ठा दर वेळी बऱ्यापैकी जाड निघतो.

आमच्या शाळेला अनुदानाचा टप्पा मिळेना. शिक्षक आमदारांनी परिषदेत विषय मांडला, मंत्री उभे राहून म्हणाले "सकारात्मक निर्णय घेऊ". आम्ही पेढे वाटले. त्याला दीड वर्ष झालं. आता काय करायचं? (शिक्षिका, मराठवाड्यातून)

बाई, पेढे वाटायची घाई झाली, पण तुमचा दोष नाही, ते वाक्य असतंच तसं. मंत्र्यांच्या वाक्यांची एक चढण असते ती सांगते. "नोंद घेतली आहे" म्हणजे काहीच नाही. "तपासून पाहू" म्हणजे जवळपास काहीच नाही. "सकारात्मक विचार करू" म्हणजे आत्ता बसा खाली. "बैठक लावू" म्हणजे निदान एकदा चहा होईल. "अमुक महिन्यांच्या आत निर्णय घेऊ" किंवा "चौकशी करून अहवाल सभागृहासमोर ठेवू" हे मात्र सोनं, कारण त्यात काम आहे आणि मुदत आहे, आणि सभागृहात मंत्र्यांनी असं काही कबूल केलं की ते आश्वासन होतं.

आता महत्त्वाचं. आश्वासन हवेत जात नाही. परिषदेची स्वतःची आश्वासन समिती आहे. सचिवालयातले लोक त्या कार्यवाहीतून आश्वासनं शोधून काढतात, ती संबंधित खात्याला पाठवतात आणि पूर्तता झाली का विचारत राहतात, झाली नाही तर समिती सचिवांना साक्षीला बोलावते. सचिव मंत्र्याला जितके घाबरतात त्याहून त्या साक्षीला जास्त घाबरतात, हे मी ऐकीव नाही, मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये पाहिलेल्या चेहऱ्यांवरून सांगतेय.

तर तुम्ही असं करा. ज्या दिवशी विषय निघाला ती तारीख शोधा. विधानमंडळाच्या साइटवर त्या दिवसाची कार्यवाही काढा, लांबलचक असते, पण तुमच्या आमदारांचं नाव आणि शाळांचा विषय ह्यावरून सापडेल. मंत्री तोंडाने काय म्हणाले ते नाही, कागदावर काय आहे ते शब्दशः लिहून घ्या. मग आमदारांना पत्र द्या, "आपण काहीतरी करा" असं नको, "अमुक तारखेला नियम अमुक अन्वये मा. मंत्र्यांनी असे सांगितले, हे आश्वासन म्हणून नोंदले गेले आहे काय, असल्यास पूर्ततेची सद्यस्थिती काय" असं. आलं लक्षात? त्यांचाच साचा त्यांनाच लावायचा. असल्यास, नसल्यास, विलंबाची कारणे काय. नोंदलं गेलं नसेल तर आमदार परत प्रश्न टाकू शकतात, आणि दुसऱ्यांदा आलेल्या प्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही" म्हणणं खात्याला पहिल्यासारखं सोपं जात नाही, कारण आधीचं उत्तर फाईलला लागलेलं असतं.

आणि शिक्षक मतदारसंघाचा हाच तर फायदा आहे, सातच आमदार आहेत राज्यात, त्यांना तुमच्या फोनकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही, विशेषतः पाचव्या वर्षी.

मला प्रत्यक्ष जाऊन बघायचंय. सोडतात का? (शेतकरी, वर्धा)

सोडतात. तुमच्या आमदारांकडून किंवा त्यांच्या पीएकडून प्रेक्षक गॅलरीचा पास काढायचा, ओळखपत्र न्यायचं, मोबाईल आत चालत नाही. तुम्हाला नागपूर जवळ, डिसेंबरातलं अधिवेशन गाठा, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं त्या १९५३ च्या नागपूर करारापासून हे आपल्या हक्काचं आहे. सकाळी प्रश्नोत्तराच्या वेळी जाऊ नका, गर्दी असते आणि पास बदलत राहतात. दुपारी चारनंतर जा, अर्धा तास चर्चा लागली असेल तर ती बघा. गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, पायावर पाय टाकून बसायचं नाही, मार्शल लगेच येऊन खांद्याला हात लावतो. आणि स्वेटर न्या, बाहेर थंडी असतेच, आत एसी त्याहून जास्त असतो.